एंजिनाचा ज्वर आणि इतिहासाची पद्धति

मनुष्याच्या अंगांत ताप भरला म्हणजे घरांतील प्रत्येक माणूस वैद्य होतो. कोणी काढा सुचवितो, कोणी लंघन सांगतो, कोणी ‘परवां दहीं खाल्लें, तेंच बाधलें’ असा निकाल देऊन मोकळा होतो. मोटारीचें एंजिन तापलें म्हणजेही नेमकें हेंच घडतें. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाडीभोंवतीं पांच माणसें जमलीं कीं पांच निदानें तयार होतात. आणि गंमत अशी कीं, त्यांपैकीं प्रत्येकाला आपलें निदान पूर्वीं कोठें तरी खरें ठरल्याचें आठवत असतें. गेल्या वैशाखांत आमच्या चिमुरास असाच एक ज्वर आम्हांस अगदीं जवळून पाहावयास मिळाला. आम्ही व्यवसायानें इतिहासाचे अध्यापक. यंत्रविद्येंत आमची गति बेताचीच. परंतु त्या प्रकरणांत एका जुन्या एंजिनाबरोबर एका जुन्या स्नेहसंबंधाचाही जीव टांगणीस लागला होता. आणि तो अखेर वांचला तो इतिहासाच्या पद्धतीनें, असें आमचें मत झालें आहे. म्हणून ती हकीकत, आणि तिच्या अनुषंगानें एंजिन थंड राखण्याच्या विद्येचा थोडासा इतिहास, वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तापणें हा एंजिनाचा रोग नव्हे. तो त्याचा धर्म आहे. सादी कार्नो या तरुण फ्रेंच एंजिनियरानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्याशा ग्रंथांत असें दाखविलें कीं, उष्णतेकडून काम करून घ्यावयाचें तर ती उष्ण स्थळाकडून थंड स्थळाकडे गेली पाहिजे. मागाहून इतर शास्त्रज्ञांनीं हें तत्त्व पूर्णत्वास नेलें, आणि सगळीच्या सगळी उष्णता कामांत उतरविणारें यंत्र संभवतच नाहीं, हें कायमचें ठरून गेलें. जुन्या पेट्रोल-एंजिनांत जळलेल्या इंधनाचा चौथा हिस्सा कामाच्या वाट्यास आला तरी पुष्कळ झालें. उरलेल्या उष्णतेपैकीं कांहीं धुराबरोबर निघून जाते आणि कांहीं सिलिंडरच्या भिंतींत शिरते. या भिंतींत शिरलेल्या उष्णतेस वेळच्या वेळीं वाट करून दिली नाहीं, तर वंगण जळतें, दट्ट्या सिलिंडरांत अडकतो, आणि वरचें बिडाचें डोकें वांकडें होतें. सारांश, मोटार चालविण्याची विद्या जितकी जाळण्याची, तितकीच निवविण्याचीही आहे.

ही दुसरी विद्या मनुष्यास हळूहळूच साधली. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तिचें एंजिन थंड राखण्याची रीत आपल्या चुलीवरच्या आधणाहून फारशी निराळी नव्हती. सिलिंडरभोंवतीं पाणी असे, तें उकळून त्याची वाफ होई, आणि वाफेबरोबर उष्णता निघून जाई. पुढें १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे १०६ किलोमीटरांचा प्रवास करून आली. तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. वाटेंत व्हीसलोख येथील औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु इंधनापेक्षां अधिक वेळां तिला पाण्यासाठीं थांबावें लागलें होतें, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाहीं. मोटारीच्या त्या पहिल्या यात्रेंतील मोठी चिंता तहानेची होती.

या तहानेवर खरा उतारा शोधला तो विल्हेल्म मायबाख यानें. एमिल येलिनेक या धनिक गृहस्थासाठीं दाइमलर कंपनीनें १९०० च्या अखेरीस एक ३५ अश्वशक्तीची शर्यतीची गाडी तयार केली, आणि तिला येलिनेकच्या मुलीचें ‘मर्सिडीज’ हें नांव मिळालें. हिच्या तोंडाशीं मायबाखनें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला होता. त्यांत सहा मिलिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनी तोंडाच्या ८,०७० नळ्या होत्या. त्यांच्यामधून वारा वाहे आणि त्यांच्या भोंवतालच्या बारीक फटींतून पाणी उतरे. पाणी थोडें, परंतु त्याचा वाऱ्याशीं संबंध येणारा पृष्ठभाग फार मोठा, ही त्यांतील खुबी. १९०१ च्या मार्चमध्यें नीस येथील शर्यतींत या गाडीनें जो पराक्रम केला, त्यांत या पोळ्याचा वाटा लहान नव्हता. आज रस्त्यांवरून धांवणारा कोणताही रेडिएटर घ्या. तो याच पोळ्याच्या वंशांतला आहे.

पुढचा प्रश्न पाणी फिरवावें कसें, हा होता. तापलेलें पाणी आपोआप वर चढतें व थंड पाणी खालीं बसतें, या साध्या गुणावर भिस्त ठेवून पंपावांचून भागविणारीं एंजिनें पुष्कळ झालीं. फोर्डच्या विख्यात ‘मॉडेल टी’ गाडीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार नगांस पंप होता. मागाहून तो काढून टाकण्यांत आला, आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या पाण्याच्या या स्वाभाविक प्रवाहावरच चालल्या. परंतु एंजिनांची शक्ति वाढली तसा पंप परत आला, आणि पंपाबरोबर एक नवी अडचण आली. पंप मुका नोकर आहे. एंजिन गार असो वा गरम, तो पाणी फिरवीतच राहतो. थंडीच्या दिवसांत एंजिन ऊब धरीना, आणि गार एंजिन लवकर झिजतें. तेव्हां वाटेंत एक पहारेकरी नेमण्यांत आला; तोच थर्मोस्टॅट.

याचें काम वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें, कारण आमच्या कथेची किल्ली येथेंच आहे. थर्मोस्टॅट ही उष्णतेनें उघडणारी झडप होय. पाणी गार आहे तोंवर ती रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते. पाण्यानें मग जावें कोठें? त्याच्यासाठीं एक आखूड आडनळी ठेवलेली असते. तिच्यांतून तें रेडिएटर टाळून पुन्हां पंपाकडे येतें. पाणी पुरेसें तापलें म्हणजे झडप उघडते. आणि पुष्कळ एंजिनांत ती उघडतां उघडतांच आपल्या खालच्या कड्यानें आडनळीचें तोंड मिटते. एक दार उघडावयाचें आणि त्याच हालचालींत दुसरें लावावयाचें, अशी ही दुहेरी चाकरी आहे. झडपेचें पहिलें काम सर्वांस ठाऊक असतें. दुसरें फार थोड्यांस.

याखेरीज दाबाचा आणि हवेचा विचार आहे. रेडिएटरचें झांकण दाब धरून ठेवणारें असेल, तर पाणी उशिरां उकळतें. चौरस इंचास सात पौंड जादा दाब असतां उकळबिंदु १०० वरून सुमारे १११ अंशांवर जातो, आणि पंधरा पौंडांस सुमारे १२१ वर. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानाच्या मर्लिन एंजिनासाठीं पाण्यांत ग्लायकोल मिसळून व दाब देऊन हेंच साधलें होतें. आतां हवा पाहा. रेडिएटर किती उष्णता टाकूं शकतो, हें पाणी आणि हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर आणि इंग्लंडांतील हवा २० अंशांवर असली, तर अंतर ७० चें पडतें. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत वैशाखांत हवाच ४५ अंशांवर जाते. अंतर उरतें ४५ चें. म्हणजे विलायतेंत ज्या रेडिएटरनें शंभर भाग काम केलें असतें, तो येथें चौसष्ट भागच करूं शकतो. तिकडे जी उणीव पोटांत राहिली असती, ती आमच्याकडे वाफ होऊन बाहेर पडते.

आमच्या देशांतील मिस्त्रींस या विद्येचा अभ्यास सक्तीनेंच करावा लागला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें देशांत सुटे भाग बनविण्याची योजना असणाऱ्यांनाच वाव ठेवण्याची शिफारस केली, तेव्हां नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं येथून गाशा गुंडाळला. धोरण देशहिताचें होतें. परंतु त्यापूर्वीं आलेल्या विलायती गाड्या यामुळें जणूं पोरक्या झाल्या. त्यांचे भाग मिळेनात. मग जें मिळेना तें घडवावयाचें, आणि जें घडेना तें काढून टाकावयाचें, असा शिरस्ता पडला. बोरघाटाच्या चढावर बॉनेटें उघडून वाफ सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्या पिढीनें लहानपणीं पाहिलेल्या आहेत. ‘गाडी गरम होते ना? थर्मोस्टॅट काढून टाका’ हें वाक्य त्या काळीं जवळजवळ म्हणीसारखें झालें होतें. झडप गेली म्हणजे वाट मोकळी झाली, हा तर्क वरवर पाहतां बिनतोड वाटतो.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. आमचे एक स्नेही नागपुरास पुष्कळ वर्षें वकिली करून आतां चिमुरास वडिलोपार्जित घरीं राहतात. त्यांच्या वडिलांनीं घेतलेली, १९५० पूर्वींच्या बांधणीची, दोन आसनांची एक विलायती स्पोर्ट्स मोटार त्यांनीं पोटच्या मुलासारखी सांभाळली आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांनीं ती शहरांतील एका कारखान्यांत देऊन रंगविली, आणि रबराच्या सगळ्या जुन्या नळ्या बदलून घेतल्या. पौषांत चिमूरच्या मिस्त्रीनें तिची ठिणगीची वेळ लावून दिली. या मिस्त्रीचे वडीलही याच घराच्या गाडीवर काम करीत असत. दोन पिढ्यांचा घरोबा. माघांत श्रीहरि बालाजीच्या घोडायात्रेच्या दिवसांत गाडी गांवभर मिरविली; कांहीं तक्रार नव्हती. वैशाखांत ती नागपुराकडे निघाली आणि भिसीच्या अलीकडेच पाणी उकळूं लागलें.

स्नेह्यांनीं वकिलाच्या शिस्तीनें आरोपपत्र तयार केलें. गाडीस शेवटचा हात लागला मिस्त्रीचा. ठिणगी उशिरां पडूं लागली म्हणजे एंजिन तापतें, हेंही शास्त्र. तेव्हां गुन्हेगार मिस्त्री. दोघांत चार शब्द झाले, आणि मिस्त्रीनें त्या घराची पायरी चढणें सोडलें. त्यानंतर स्नेह्यांनीं रेडिएटरचा गाभा नवा घातला, पंप उघडून पाहविला. बराच पैसा गेला, ज्वर मात्र कायम. अखेर ‘हें एंजिन काढून भंगारांत घालतों आणि नव्या गाडीचें बसवितों’ असें त्यांनीं आम्हांस सांगितलें, तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें होतें. आम्हीं त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आमच्या गांवाचें नांव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळें देशाच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. त्या घटनेविषयीं वाचतांना आणि ऐकतांना आम्हांस एक धडा मिळाला आहे: साक्ष ऐकण्यापूर्वीं साक्षीदार पारखावा, आणि एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली एवढ्यावरून पहिलीस दुसरीचें कारण मानूं नये. हाच धडा येथें लावून पाहण्याचें आम्हीं ठरविलें.

पहिला साक्षीदार म्हणजे उष्णतामान दाखविणारा कांटा. तोच खोटें बोलत नसेल कशावरून? त्याचा कोंब काढून स्वयंपाकघरांत उकळत्या आधणांत धरला. कांटा शंभराच्या जवळ जाऊन थांबला. साक्षीदार खरा होता. दुसरा प्रश्न, ज्वर केव्हां येतो? गाडी अंगणांत अर्धा तास चालू ठेवली. कांटा हलला नाहीं. रस्त्यावर ताशीं साठ किलोमीटरांनीं नेली. वीस मिनिटांत तो चढूं लागला. उभ्या गाडीस वारा देणारा फक्त पंखा असतो. धांवत्या गाडीस वारा आपोआप मिळतो. उभी असतां ती थंड राहते आणि धांवतांना तापते, त्या अर्थीं पंखा व त्याचा पट्टा निर्दोष. उणीव वाऱ्याची नसून पाण्याच्या वाहण्यांत असली पाहिजे. तिसरी तपासणी ठिणगीच्या वेळेची. कारखान्याच्या पुस्तकाबरहुकूम ती तंतोतंत निघाली. आरोपी मिस्त्री येथें सुटला. परंतु खरा अपराधी अजून सांपडला नव्हता, आणि तो सांपडेपर्यंत स्नेह्यांचें मन निवळणार नव्हतें. चौथी तपासणी डोक्याखालच्या गॅस्केटाची. एंजिन गार असतांना झांकण काढून सुरू केलें. पाण्यांत बुडबुडे नाहींत, तेलांत पांढुरकेपणा नाहीं. (तापलेल्या रेडिएटरचें झांकण कोणींही उघडूं नये, त्या वाफेनें अनेकांचे हात व चेहरे भाजले आहेत.)

पांचवी गोष्ट हातालाच कळली. एंजिन तापलें असतां रेडिएटरची वरची टांकी हात लाववेना इतकी कढत, आणि खालची जवळजवळ कोमट. रेडिएटर चोंदला असता तरी असेंच झालें असतें. पण त्याचा गाभा नवा होता, आणि घागरभर पाणी ओतलें तें तळाच्या नळींतून भडाभडा बाहेर आलें. म्हणजे रेडिएटर आपलें काम चोख करीत होता. त्याच्या वाट्यास पाणीच थोडें येत होतें. उरलेलें पाणी जात होतें कोठें? आम्हीं आडनळीवर ओलें फडकें टाकलें. त्यांतून वाफ निघाली. थर्मोस्टॅटचें घर उघडलें, तों आंत थर्मोस्टॅटच नव्हता. झडप नाहीं म्हणजे आडनळीचें दार लावणाराही नाहीं. कढत पाणी जवळची वाट धरून परत एंजिनांत शिरत होतें. खात्री करण्यासाठीं दुसरें कांहीं एक न बदलतां केवळ त्या रबरी नळीस चिमटा लावून ती आवळली आणि गाडी भरदुपारीं भिसीपर्यंत नेली. कांटा अर्ध्यावर गेला व तेथेंच राहिला.

तरीही एक कोडें उरलें. झडप केव्हां काढली होती? गेल्या वर्षीं काढली असेल, तर कोणीं? आणि पुष्कळ वर्षांपूर्वीं काढली असेल, तर इतके उन्हाळे गाडी निभावली कशी? स्नेह्यांच्या वडिलांनीं गाडीच्या खर्चाची एक वही ठेवलेली होती. ती आम्हीं मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचावयास बसलों. १९६८ च्या उन्हाळ्याच्या जमाखर्चांत, पेट्रोल आणि वंगण यांच्या मध्यें, एक ओळ सांपडली. झडप बिघडली, नवी मिळत नाहीं, सबब काढली, आणि आडनळींत सागवानी बूच ठोकलें, अशा आशयाची ती नोंद होती; पुढें मिस्त्रीच्या वडिलांस दिलेली मजुरी लिहिली होती.

सगळा उलगडा झाला. त्या जुन्या मिस्त्रीस झडपेचीं दोन्हीं कामें ठाऊक होतीं. एक दार उघडें टाकावें लागलें म्हणून त्यानें दुसरें आपल्या हातानें लावून घेतलें होतें, आणि तेंही आपल्या रानांतल्या सागाच्या तुकड्यानें. पन्नासाहून अधिक उन्हाळे तें बूच त्या नळींत मुकाट्यानें बसून राहिलें. दिवाळींत रबराच्या नळ्या बदलल्या, तेव्हां जुन्या नळीबरोबर तेंही फेंकलें गेलें. कोणाच्या हातांत तें पडलेंही असेल. पण काळवंडलेला लांकडाचा तुकडा पाहून ‘घाण अडकली होती, निघाली’ असेंच त्यास वाटलें असणार. माघांत हवा थंड आणि गाडी गांवांतल्या गांवांत, म्हणून कांहीं उमगलें नाहीं. वैशाखानें तें उमगविलें.

स्नेह्यांनीं ती ओळ दोनदां वाचली. मग टोपी घालून ते स्वतः मिस्त्रीच्या दुकानीं गेले. आम्ही बरोबर होतों. माफीचे शब्द त्यांना नीट जुळवितां आले नाहींत. त्यांनीं वही उघडून त्याच्यापुढें धरली. मिस्त्रीनें आपल्या वडिलांचें नांव वाचलें, बोट त्या ओळीवर ठेवलें, आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “बाबानं मला हे बूच दाखवलं होतं, वकीलसाहेब. मी लहान होतो. पार विसरलो होतो.” त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यानें सागाचें नवें बूच तासून बसविलें. दोन्हीं कामें करणारा योग्य जातीचा थर्मोस्टॅट विलायतेहून मागविण्याचें ठरलें आहे. तोंवर बुचावर काम चाललें आहे, आणि चांगलें चाललें आहे.

या प्रकरणांत अज्ञानी कोणीच नव्हता, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. स्नेह्यांचें उशिरां पडणाऱ्या ठिणगीविषयींचें शास्त्र खरें होतें. शहरांतील कारागिरांनीं नळ्या उत्तम बसविल्या होत्या. थर्मोस्टॅट काढण्याच्या सल्ल्यामागेंही एक अनुभव होता. चुकलें इतकेंच कीं, जी वस्तु तेथें कां आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें, ती निरुपयोगी म्हणून गेली. आणि ती गेल्याचा दोष, तिचें मोल ज्या घराण्यास ठाऊक होतें त्याच्याच माथीं आला. जुनें सर्वच राखावें असें आम्ही म्हणत नाहीं; थर्मोस्टॅट आला म्हणजे हेंही बूच जाईल आणि जावेंच. मात्र ते कां बसविलें आणि कां काढलें, याची एक ओळ या खेपेस मिस्त्रीनें स्वतःच्या हातानें त्याच वहींत लिहिली आहे. त्याच्या वडिलांच्या नोंदीनंतर त्या घराण्याच्या कामाची ती दुसरी ओळ आहे, आणि तिच्याखालीं सही करतांना त्यानें पेन दोनदां पुसून घेतलें.